शालेय मुलांच्या सायकल-प्रशिक्षणाची उपलब्धता : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शिक्षणाच्या इतिहासलेखनात शाळा, शिक्षक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचा पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. घर आणि शाळा यांमधील रस्त्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वास्तविक हे अंतर हाच अनेक मुलांच्या, आणि विशेषतः मुलींच्या, शिक्षणाचा शेवट ठरत आला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला. त्याखालील २०१०च्या आदर्श नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी वस्तीपासून शाळेपर्यंतची मर्यादा घालून दिली. माध्यमिक शाळेसाठी २००९च्याच राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने पाच किलोमीटरचे उद्दिष्ट ठेवले. म्हणजे मूल जसजसे मोठे होते तसतशी शाळा दूर जाते, आणि मुलगी ज्या वयात पोहोचली की तिच्या एकटीने जाण्यायेण्याविषयी घरात कुजबुज सुरू होते, नेमक्या त्याच वयात ते अंतर सर्वांत जास्त होते.

या अंतरावर सायकल हा उपाय भारतातील अनेक राज्य शासनांनी गेल्या पाव शतकात स्वीकारला. तथापि सायकल ही पाठ्यपुस्तकासारखी हाती देऊन भागणारी वस्तू नव्हे. ती चालवता यावी लागते, आणि चालवता आल्यावरही ती रहदारीच्या रस्त्यावर नेता यावी लागते. ही विद्या मुलांना कोणी शिकवली, कोणाला शिकवली आणि कोणाला शिकवली गेली नाही, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी ब्रिटन, तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्हा, बिहार आणि महाराष्ट्र यांतील अनुभव विचारात घेतले आहेत.

घरगुती विद्या आणि तिच्या मर्यादा

भारतीय कायद्याने सायकल शिकवण्याची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यंत्रचालित वाहनांचा कायदा होय. त्यात वाहन चालवण्याचे किमान वय आहे, शिकाऊ परवाना आहे, चाचणी आहे, मोटार चालवायला शिकवणाऱ्या संस्थांची नोंदणीही आहे. सायकल या सर्वांच्या बाहेर राहिली. सायकलला परवाना नसणे ही गरिबाच्या सोयीची गोष्टच होती, आणि ती तशीच राहावी यात शंका नाही. परंतु परवाना नाही म्हणून चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून शिकवणेही नाही, असा त्याचा परिणाम झाला.

त्यामुळे सायकल ही घरगुती विद्या झाली. महाराष्ट्रातील गावोगावी आणि शहरांच्या पेठांतून तासाच्या हिशेबाने भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. अनेक पिढ्यांतील मुलगे तेथेच शिकले. मोठ्यांच्या उंच सायकलवर सीटपर्यंत पाय पोहोचत नसे, म्हणून दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत पहिली वळणे घेतली जात. मागे कॅरिअर धरून धावणारा थोरला भाऊ किंवा वडील हाच शिक्षक, आणि त्याने न सांगता हात सोडणे हीच परीक्षा. या पद्धतीविषयी मराठी मनात मोठा जिव्हाळा आहे, आणि तो अस्थानी नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही पद्धत चार गोष्टी गृहीत धरते : भाड्यापुरते पैसे, मोकळे मैदान, रिकामा वेळ आणि घरच्यांची संमती. ज्या मुलीला शाळेआधी पाणी भरायचे आणि शाळेनंतर धाकट्या भावंडाला सांभाळायचे, तिच्याजवळ यांपैकी एकही गोष्ट नसे. घरात एकच सायकल असेल तर ती कामावर जाणाऱ्या पुरुषाची, आणि तो घरी असतो तोपर्यंत अंधार पडलेला. जनगणना २०११ नुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. परंतु कुटुंबाकडे सायकल असणे आणि कुटुंबातील मुलीला ती शिकायला मिळणे यांत फार अंतर आहे, आणि ते जनगणनेच्या तक्त्यात मावत नाही.

शाळेत या विद्येला जागा नव्हतीच असे नाही. स्काउट-गाइड चळवळीत सायकलस्वाराचे प्रावीण्यपदक आहे. महाराष्ट्रातील शाळांमध्ये रस्ता सुरक्षा दल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘आरएसपी’, आहे. त्यात मुले रहदारीची चिन्हे, हातांचे इशारे आणि संचलन शिकतात. परंतु पदकाची वाट सायकल हाती असलेल्यांसाठीच मोकळी असते, आणि आरएसपीचा भर रहदारी समजण्यावर व तिचे नियमन करण्यावर राहिला. तोल सावरून रस्त्यावर उतरण्याचे शिक्षण हा त्याचा गाभा नव्हता.

ब्रिटनमधील प्रयोग : सायकल होती, रस्ता गेला

सायकल-प्रशिक्षण ही सार्वजनिक बाब मानण्याचा दीर्घ अनुभव ब्रिटनजवळ आहे. या विचाराचा उगम मात्र शिक्षणाच्या ओढीत नसून अपघातांच्या भीतीत होता. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत १,५३६ सायकलस्वार होते. याच सुमारास वस्तीतील वेगमर्यादा आणि मोटारचालकांची सक्तीची चाचणी आली. सायकलस्वारांनी, त्यातही मुलांनी, काय शिकावे हा प्रश्नही तेव्हाच पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, अपघात-प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ ॲक्सिडेंट्स’ या संस्थेने सायकल-प्रावीण्य चाचणी सुरू केली. १९५८ मध्ये शासनाने तिला राष्ट्रीय योजनेचे रूप दिले, आणि १९७४च्या रस्ते वाहतूक कायद्याने रस्तासुरक्षेची व बालसायकलस्वारांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे सोपवली.

चार दशके ब्रिटिश मुलांनी शाळेच्या पटांगणात खुणा आखून, शंकू मांडून सायकल चालवली, हात बाहेर काढून वळणे घेतली, आणि छातीवर बिल्ला लावून ती घरी गेली. प्रश्न असा की, त्यानंतर ती रस्त्यावर गेली का? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा अभ्यास मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग यांनी केला. ‘वन फॉल्स मूव्ह’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील शाळांत १९७१ मध्ये केलेली पाहणी त्यांनी १९९० मध्ये पुन्हा केली. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीवाचून शाळेत जात होती, १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले. सायकल बाळगणाऱ्या मुलांचे प्रमाण या काळात वाढले होते. मात्र सायकल असलेल्या मुलांपैकी तिच्यासह रस्त्यावर जाण्याची मुभा असणारी मुले दोन-तृतीयांशांवरून एक-चतुर्थांशावर घसरली. रस्त्यावरील बालमृत्यू घटल्याचे श्रेय घेतले जात होते. या अभ्यासकांचे म्हणणे असे की, रस्ता सुरक्षित झाला नव्हता, मुले रस्त्यावरून काढून घेतली गेली होती.

येथे प्रशिक्षणाची एक मर्यादा उघड होते. मोटारींनी भरलेला रस्ता आहे तसाच ठेवून मुलाला तेवढे सावध करणे, हे शिक्षण अपुरे असते. पटांगणात दिलेले प्रमाणपत्र रस्त्यावर चालत नाही, हे पालकांनी धोरणकर्त्यांच्या आधी ओळखले होते.

पुढे राष्ट्रीय सायकल-प्रशिक्षण मानक तयार झाले आणि २००७ मध्ये इंग्लंडमध्ये ‘बाइकॅबिलिटी’ या नावाने नवी योजना आली. तिच्या तीन पायऱ्या आहेत : पहिली मोकळ्या जागेत, दुसरी शांत रस्त्यावर, तिसरी गर्दीच्या व गुंतागुंतीच्या रस्त्यावर. प्राथमिक शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतील मुले साधारणतः पहिल्या दोन पायऱ्या पार करतात. शिक्षण रस्त्यावरच द्यायचे, हा या योजनेचा खरा बदल होय. योजना चालवणारी ‘सायकलिंग इंग्लंड’ ही संस्था २०११ मध्ये बंद करण्यात आली, तरी शासनाचे अनुदान चालू राहिले. २०२० मध्ये इच्छुक अशा प्रत्येक मुलाला आणि प्रौढाला प्रशिक्षण देण्याचे आश्वासन शासनाने दिले. तरीही उपलब्धतेचा प्रश्न मिटला नाही. वर्गात बसायचे तर मुलाने बहुधा स्वतःची, ब्रेक धड असलेली सायकल आणावी लागते. शिवाय दुसऱ्या पायरीसाठी तोल आधीच साधलेला असावा लागतो. ज्या घरी सायकल नाही आणि शिकवायला कोणी नाही, ते मूल या शिक्षणाच्या दारातच अडते. त्यासाठी उसन्या सायकली आणि अगदी प्राथमिक धडे यांची जोड नंतर द्यावी लागली.

पुदुकोट्टै : साक्षरतेच्या वर्गातील सायकल

ब्रिटनमध्ये प्रशिक्षण अपघातापासून बचावासाठी आले. तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात ते अक्षरांच्या मागोमाग आले. हे जुने संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि १९७४ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. कोरडवाहू शेती, दगडखाणी आणि शेतमजुरी यांवर जगणारा हा भाग. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले आणि केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने १९९० मध्ये संपूर्ण साक्षरतेचा टप्पा गाठला. त्यानंतर देशभर जिल्हावार मोहिमा निघाल्या. पुदुकोट्टैतील मोहीम ‘अरिवोळी इयक्कम’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ, या नावाने ओळखली गेली.

१९९१ मध्ये तेथील जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्यासमोर अडचण आली ती अगदी व्यावहारिक. साक्षरतेचे वर्ग चालवणाऱ्या स्त्री-कार्यकर्त्यांना आतल्या गावांपर्यंत पोहोचता येत नव्हते. बस क्वचित आणि वेळी-अवेळी येत असे. पुरुष सायकलवरून जात, स्त्रिया वाट पाहत. तेव्हा कार्यकर्त्यांना सायकल शिकवावी असे ठरले. या साध्या उपायामागील विचार मात्र साधा नव्हता : स्त्रियांच्या आत्मविश्वासाला त्यांच्या जखडलेल्या हालचालींनी सुरुंग लावला आहे, म्हणून हिंडता येणे हाच साक्षरतेचा भाग मानावा. सायकल अशा रीतीने मोहिमेच्या कार्यक्रमपत्रिकेत आली. गटागटाने प्रशिक्षणाची जबाबदारी वाटून घेतली गेली, आणि स्त्रियांना सायकलखरेदीसाठी कर्ज द्यावे म्हणून बँकांच्या मागे लागण्याचे काम स्वतः जिल्हाधिकाऱ्यांनी केले.

आधी कार्यकर्त्या शिकल्या, मग नवसाक्षर स्त्रियांनी हट्ट धरला, आणि मग ज्यांचा वर्गाशी फारसा संबंध नव्हता त्याही पुढे आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी या मोहिमेचा वृत्तान्त ‘एव्हरीबडी लव्ज अ गुड ड्रॉट’ (१९९६) या ग्रंथात दिला असून, ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावाने तो मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यांच्या नोंदीनुसार लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. दहा वर्षांखालील मुली वगळल्या तर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांच्या एक-चतुर्थांशाहून हे प्रमाण अधिक भरते. सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांनी जाहीर प्रात्यक्षिके व स्पर्धांमध्ये भाग घेतला. ८ मार्च १९९२ रोजी, जागतिक महिला दिनी, हँडलला झेंडे बांधून आणि घंटा वाजवीत दीड हजारांहून अधिक स्त्रिया पुदुकोट्टै शहरातून सायकलवर गेल्या.

ही हिशेबाची रेषा दहाव्या वर्षाशी ओढली आहे, ही बाब लक्षणीय आहे. म्हणजे या संख्येत शाळकरी वयाच्या मुलीही मोजल्या गेल्या आहेत. आई आणि मुलगी एकाच मैदानात शिकण्याजोग्या असतील, तर मुलीच्या सायकलला घरातून होणारा विरोध पुष्कळसा आपोआप विरतो, असे मानण्यास जागा आहे. टीका झाली नाही असे नव्हे. सुरुवातीस स्त्रियांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले, रस्त्यात टोमणे मारले गेले. परंतु शासनमान्य साक्षरता मोहिमेचा आधार असल्यामुळे सायकल शिकणारी स्त्री एकटी पडली नाही. निंदा करणाऱ्याला एका मुलीची नव्हे, तर अवघ्या मोहिमेची निंदा करावी लागत होती.

एक तपशील येथे मुद्दाम नमूद करण्याजोगा आहे. मागणी इतकी वाढली की लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, आणि स्त्रियांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींनी तर त्याच पसंत केल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर लहान मुलाला बसवता येते. मुलींनी कोणती सायकल चालवावी याविषयी कारखानदारांनी आणि समाजाने ठरवलेला संकेत गरजेपुढे असा सहज गळून पडला.

पुदुकोट्टैच्या यशाचे श्रेय एका कर्तबगार अधिकाऱ्याला देण्याचा मोह होतो, आणि ते काही अंशी न्याय्यही आहे. तथापि अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. निव्वळ व्यक्तीवर उभा राहिलेला कार्यक्रम तिच्याबरोबर जातो. येथे मोहिमेचे जाळे होते, स्वयंसेवक होते, सुटीच्या दिवशी भरणारे वर्ग होते. नित्या राव यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अनुभवाची स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्याच्या आणि सत्तासंबंधांच्या अंगाने चिकित्सा केली आहे. शालेय शिक्षणाच्या अंगाने पाहता या अनुभवाचे वेगळेपण एवढेच की, येथे शिकवणे आधी आले आणि सायकल नंतर आली.

वाटपाचे युग

पुढील दशकात हा क्रम उलटला. तामिळनाडूतच २००१-०२ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या उच्च माध्यमिक विद्यार्थिनींना मोफत सायकली देण्यास प्रारंभ झाला आणि काही वर्षांत योजनेची व्याप्ती वाढली. छत्तीसगड, कर्नाटक, पश्चिम बंगाल अशी एकेक राज्ये या वाटेने गेली. सर्वांत गाजली ती बिहारची २००६ मधील मुख्यमंत्री बालिका सायकल योजना. नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलीला सायकलखरेदीसाठी प्रारंभी २,००० रुपये देण्यात आले, पुढे ही रक्कम वाढली आणि काही वर्षांनी मुलग्यांनाही लाभ मिळू लागला.

कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी या योजनेचा काटेकोर अभ्यास केला. शेजारच्या झारखंडशी आणि त्याच वयाच्या मुलग्यांशी तुलना करून त्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माध्यमिक वर्गांतील मुलींची वयानुरूप पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुली यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत झाली. सायकलींचे पैसे वाटणे ही निव्वळ मते मिळवण्याची क्लृप्ती होय, या आरोपाला या आकड्यांनी परस्पर उत्तर दिले आहे.

मग शिकवले कोणी? मुलींनी मुलींना शिकवले, असेच याचे उत्तर बहुतांशी द्यावे लागते. वर्गातील सगळ्याच मुलींना एकाच वेळी सायकल मिळाली, म्हणून शिकणे आणि एकत्र जाणे दोन्ही शक्य झाले. अभ्यासकांनीही एकत्रित प्रवासामुळे वाढणाऱ्या सुरक्षिततेकडे आणि बदलत्या सामाजिक रूढींकडे लक्ष वेधले आहे. हे यश मोठे आहे, यात वाद नाही. परंतु पटनोंदणी, हजेरी आणि परीक्षा या मोजपट्ट्यांत सायकल चालवता येणे ही मोजपट्टी नाही. ज्या मुलीला वर्गमैत्रिणींत कोणी शिकवणारी भेटली नाही, जिला दृष्टीचा वा पायाचा त्रास आहे, जिची सायकल भावाने वापरायला घेतली, ती या हिशेबात लाभार्थीच दिसते. वाटपाची नोंद एका सहीने पूर्ण होते. शिकवण्याची नोंद ठेवायची तर कोणीतरी मैदानात उभे राहावे लागते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात शाळेच्या वाटेसाठी शासनाने प्रथम भर दिला तो बसवर. ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना याच विचारातली. सायकल आली ती मानव विकास कार्यक्रमातून. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा २०११ मध्ये २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुक्यांत विस्तार झाला. त्यात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहत असल्यास सायकल, आणि दूरच्या मुलींसाठी खास निळ्या बसगाड्या, अशी दुहेरी व्यवस्था करण्यात आली. अंतरानुसार साधन ठरवण्याची ही रचना विचारपूर्वक केलेली आहे.

त्याच वर्षी, २०११ मध्ये, राज्याने स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली केली. बसचा रंग, वेग, परिचारक, आपत्कालीन दरवाजा, शाळेची परिवहन समिती अशा बारीकसारीक बाबी त्यात आल्या, आणि ते आवश्यकच होते. शुल्क भरून बसने जाणाऱ्या मुलाच्या वाटेविषयी शासनाने इतका तपशीलवार विचार केला. त्याच वर्षापासून सरकारी साहाय्याच्या सायकलवर राज्यमार्गाच्या कडेने जाऊ लागलेल्या मुलीसाठी तसा लेखी विचार झालेला दिसत नाही. दोघेही शाळेतच निघालेले असतात.

पुदुकोट्टैत जे लागले ते महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळेत बहुतेक ठिकाणी आहे : मैदान आहे, शारीरिक शिक्षणाचा तास आहे, तो घेणारे शिक्षक आहेत, आणि आरएसपीचे पथक असेल तर रहदारीचे नियम जाणणारी मुलेही आहेत. शाळेकडे दोन-चार सायकली राखून ठेवल्या, तर ज्या मुलीचे नाव लाभार्थींच्या यादीत नाही आणि जिच्या घरी सायकलही नाही, तिलाही शिकता येईल. ब्रिटनचा अनुभव लक्षात घेता हे शिक्षण मैदानात संपवून चालणार नाही. शाळेच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत, आणि तेथून ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या व डंपर यांच्या बाजूने गावच्या फाट्यापर्यंत मुलींना सोबत घेऊन जावे लागेल. सायकलसाठीचे अर्ज जून-जुलैमध्ये भरून घेतले जातात. पावसाळ्यानंतर मैदान कोरडे होते, आणि दिवस आखूड होण्याआधीचे थोडे आठवडे हाती असतात. संध्याकाळची शाळा सुटल्यावर अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचायचे असल्याने, त्या वर्षी कोणती मुलगी सायकलवर येणार आणि कोणती पायी, हे पुष्कळदा याच आठवड्यांत ठरून जाते.